बिनपगारी मंत्रिपद

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



पुण्या-मुंबईकडचे पाहुणे बडोद्याला आले की एका शब्दाला हमखास अडखळतात. आपण सहज ओळख करून देतो, "हे आमच्या सोसायटीचे मंत्री." पाहुणे लगेच सावरून बसतात. मग सांगावे लागते, की तिकडे ज्याला सेक्रेटरी म्हणतात तो इकडे मंत्री, चेअरमन म्हणजे प्रमुख, आणि मॅनेजिंग कमिटी म्हणजे कारोबारी. या मंत्र्याला पगार नाही, गाडी नाही, बंगलाही नाही. पाण्याची मोटर बंद पडली की रात्री अकरा वाजता दार मात्र त्याचेच वाजते. आणि वकिलाची नोटीस आली की पाकिटावर नाव त्याचेच असते.

आज बोलायला एकजण उभा असला तरी बोलणे आमच्या सगळ्या कारोबारीचे आहे. आमची सोसायटी छत्तीस फ्लॅटची, चार मजली, वय पस्तिशीच्या पुढे. आम्ही सगळे नोकरदार किंवा निवृत्त, वकील एकही नाही. तेव्हा इथे ऐकलेले कायदेशीर सल्ला समजून कुणी कोर्टात जाऊ नये. गेली काही वर्षे ज्या गोष्टींशी आमची गाठ पडली, त्या पडल्यावर जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, तेवढेच सांगतो.

बडोद्याच्या मराठी माणसाने या विषयाकडे पाठ फिरवणे बरे दिसणार नाही. सहकाराचा पहिला कायदा इंग्रजांनी १९०४ साली केला. त्याच्या पंधरा वर्षे आधी, ५ फेब्रुवारी १८८९ रोजी, विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकरांनी याच शहरात अन्योन्य सहायकारी मंडळी काढली होती. देशातली पहिली सहकारी संस्था म्हणून तिचे नाव घेतात. पुढे तिची बँक झाली, आणि त्या बँकेचे शेवटी काय झाले ते इथे बसलेल्या ठेवीदारांना आम्ही सांगायला नको. पण 'अन्योन्य' हा शब्द बघा. एकमेकांनी एकमेकांचे. कायदा नसताना माणसे एकत्र आली होती. आज कायदा आहे, नियम आहेत, पोटनियम आहेत, रजिस्ट्रार आहे, आणि आमच्या जिन्यात दोन शेजारी एकमेकांशी वकिलामार्फत बोलतात.

पहिली गोष्ट अधिकाराची. कारोबारीला वाटते आपण निवडून आलो म्हणजे आपण सोसायटी. तसे नाही. गुजरातच्या १९६१ च्या सहकारी संस्था कायद्यात शेवटचा अधिकार साधारण सभेचा आहे. कारोबारीने कायदा, नियम आणि पोटनियम यांच्या चौकटीत रोजचा कारभार करायचा. साधारण सभेत जे ठरते त्याला गुजरातीतही ठराव म्हणतात आणि मराठीतही ठरावच. या दोन भाषांमध्ये इतका सारखा आणि इतका दुर्लक्षित शब्द दुसरा नसेल. गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवायचा की नाही, रंगकामाचे कंत्राट कुणाला द्यायचे, हे आपल्याकडे लिफ्टच्या दारात उभ्याउभ्या ठरते. सगळे "हो हो" म्हणतात. दोन वर्षांनी भांडण झाले की त्या "हो हो"चा कागद कुठेच नसतो.

आम्ही कारोबारीत आलो तेव्हा सर्वांत जास्त वेळ गेला तो मिनिट बुक नीट ठेवण्यात. सभेची नोटीस किती दिवस आधी दिली, कुणाला दिली, त्याची सही, हजेरी, ठराव कुणी मांडला, कुणी अनुमोदन दिले, विरोधात कोण होते. विरोध करणाऱ्याचे नाव लिहायला लोक कचरतात, त्यांना वाटते वाईट दिसेल. उलट विरोध लिहून ठेवावा. ज्याचा विरोध नोंदला जातो तो माणूस पुढे "मला विचारलेच नाही" असे म्हणू शकत नाही, आणि त्यालाही बरे वाटते की आपले म्हणणे कुणीतरी लिहून घेतले.

नोटीस आली की कारोबारीतले निम्मे लोक राजीनामा द्यायला निघतात. पण नोटीस म्हणजे निकाल नव्हे. संस्थेच्या कारभाराबाबत दिवाणी दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी, असे आपल्या कायद्यातच आहे. म्हणजे कायद्याने ते दोन महिने बोलण्यासाठीच ठेवले आहेत. सभासद आणि संस्था यांच्यातला बहुतेक वाद कलम ९६ खाली बोर्ड ऑफ नॉमिनीजकडे जातो. आपल्याकडे त्याला लवाद दावा म्हणतात. त्यावर अपील राज्य सहकारी ट्रिब्युनलकडे. कारभाराच्या तक्रारी जिल्हा रजिस्ट्रारकडे. बिल्डरशी भांडण असेल तर रेरा किंवा ग्राहक आयोग. दारे बरीच आहेत. चुकीच्या दारात पाच वर्षे उभे राहणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

सहकारी संस्थांचा कायदा करायचा कुणी, दिल्लीने की राज्याने, हा मोठा वादसुद्धा गुजरातेतूनच वर गेला होता. २०११ साली ९७ वी घटनादुरुस्ती झाली आणि देशभरच्या सहकारी संस्थांसाठी केंद्राने नियम आखले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले, की हा राज्यांचा विषय आहे आणि निम्म्या राज्यांच्या विधानसभांची संमती घेतलेली नाही, म्हणून तो भाग टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी ते मान्य केले, फक्त अनेक राज्यांत काम करणाऱ्या संस्थांपुरता तो भाग राहू दिला. याचा आपल्यासारख्यांना अर्थ एवढाच, की ठाण्यातल्या मेव्हण्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला नियम बडोद्यात लागू असेलच असे नाही. महाराष्ट्राचा कायदा वेगळा, आपला वेगळा. आमच्या सभेत दर वेळी कुणीतरी महाराष्ट्राचे आदर्श उपविधी घेऊन येतो. चहा देऊन त्याला बसवावे लागते.

आता सभासदत्व. फ्लॅट कुणाला विकू द्यायचा आणि कुणाला नाही, यावर जितके कुजबुजत बोलले जाते तितके दुसऱ्या कशावरही नाही. इथे गुजरातेतलाच एक निकाल नेहमी पुढे केला जातो. अहमदाबादची एक पारशी गृहनिर्माण संस्था १९२६ पासूनची. सभासद पारशीच असावा असा तिचा नोंदलेला पोटनियम होता. एका सभासदाला आपला प्लॉट बाहेरच्या बिल्डरला द्यायचा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि एप्रिल २००५ मध्ये न्यायालयाने संस्थेचा पोटनियम उचलून धरला. हा निकाल कुणी अर्धाच वाचतो आणि म्हणतो, "बघा, आपल्याला हवे त्यालाच घ्यायचे." न्यायालयासमोर होता तो नोंदलेला पोटनियम, कारोबारीची मर्जी नव्हे. आपल्या सोसायटीच्या पोटनियमांत तसे काही नसेल तर पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, हे त्याच १९६१ च्या कायद्यात लिहिले आहे. एकटा मुलगा आहे, मांसाहारी आहे, आडनाव ओळखीचे नाही, ही कारणे कागदावर लिहून खाली सही करायची हिंमत होईल का, एवढे कारोबारीने स्वतःला विचारावे. आमच्याकडे एकदा हा प्रसंग आला. कारण लिहून द्या म्हटल्यावर बैठकीत बराच वेळ शांतता होती, आणि पुढच्या आठवड्यात ते कुटुंब राहायला आले. यंदा आरतीला सर्वांत मोठा आवाज त्यांच्या मुलीचा आहे.

बडोद्याच्या काही भागांत आणखी एक गोष्ट तपासावी लागते, अशांत धाऱ्याची. १९९१ च्या कायद्याखाली जो भाग जाहीर झालेला आहे तिथे कलेक्टरांच्या परवानगीशिवाय खरेदीखत टिकत नाही. ट्रान्सफरचा अर्ज घेताना कारोबारीने परवानगीची प्रत मागून घ्यावी. ती देणे न देणे कलेक्टरांचे काम. आपण त्यात पोलीस होऊ नये.

पैशांबद्दल थोडक्यात. मेंटेनन्स थकवणारा प्रत्येक सोसायटीत असतो. त्याचे पाणी तोडा, ही सूचना दर साधारण सभेत येते आणि तिला टाळ्याही पडतात. पाणी तोडू नये. थकबाकी वसूल करायला लवाद दावा आहे, व्याजाची तरतूद पोटनियमांत असते. पाणी तोडले की थकबाकीदार फिर्यादी होतो आणि आपण आरोपी. तीच गोष्ट नावाच्या यादीची. सभासदांना हिशेबात थकबाकी दाखवणे वेगळे, आणि फाटकावर फ्लेक्स लावून तोंडाला काळे फासणे वेगळे. ट्रान्सफर फीच्या नावाखाली तर काही ठिकाणी लाखो रुपये उकळले जात होते. २०२४ साली आपल्या राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. त्याखालच्या नियमांनी आता व्यवहाराच्या रकमेच्या अर्धा टक्का किंवा एक लाख रुपये, यांत जे कमी असेल तेवढीच फी घेता येते, आणि वारसांकडून काही घेता येत नाही. जीएसटीचा बाऊ करणाऱ्यांसाठी, दरमहा प्रत्येकी ७,५०० रुपयांपर्यंतच्या मेंटेनन्सवर कर नाही, आणि सोसायटीची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीचीच गरज नाही. ७,५०० च्या वर गेल्यास कर सगळ्या रकमेवर की फक्त वरच्या, यावर सरकारी परिपत्रक एक म्हणते आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दुसरे म्हटले. आमचा मेंटेनन्स बाराशे रुपये आहे, त्यामुळे त्या भांडणात आम्ही प्रेक्षक.

पार्किंगबद्दल मुंबईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले, की इमारतीखालची खांबांमधली जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही. तो निकाल महाराष्ट्राच्या कायद्यावरचा, पण आपला १९७३ चा ओनरशिप फ्लॅट्स कायदा त्याच धाटणीचा असल्याने इकडचे वकीलही तो दाखवतात. कुत्र्यांबद्दल बोलायला लागलो तर विसर्जनापर्यंत पुरेल. बहुमताच्या ठरावानेही घरात कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, असे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच कळवले आहे, एवढे सांगून पुढे जातो.

कारण ज्या गोष्टीत कारोबारीच्या हातून माणूस जाऊ शकतो ती यापेक्षा फार मोठी आहे. अजूनही शहरात कितीतरी जुन्या सोसायट्यांना सेप्टिक टँक आहेत. टाकी भरते, वास येतो, सगळे मंत्र्याकडे येतात. मंत्री कुणाला तरी फोन करतो. दोन मुले येतात, एक दोरी आणि एक बादली घेऊन, आणि त्यांतला एक आत उतरतो. २०१९ च्या जूनमध्ये आपल्याच जिल्ह्यात, डभोईजवळच्या फरतीकुई गावी, एका हॉटेलची टाकी साफ करताना सातजण गेले. सफाईचे काम करणारे चौघे, आणि त्यांना काढायला धावलेले हॉटेलचे तीन कामगार. आतल्या वायूने माणूस हाक मारण्याआधीच पडतो. वरचा त्याला वाचवायला उतरतो, तोही पडतो.

२०१३ च्या कायद्याने असे माणूस उतरवणे गुन्हा आहे. त्यातले शब्द नीट ऐका, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कामावर लावणे. म्हणजे "आम्ही तर कंत्राटदाराला सांगितले होते, त्याने कुणाला उतरवले ते आम्हाला काय ठाऊक" हे चालत नाही. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला द्यायची भरपाई ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. पण कैद आणि दंडाच्या भीतीने नव्हे. ज्या मुलाला आपण चहासुद्धा वेगळ्या कपात देतो, त्याला आपल्या घाणीत उतरवायचा अधिकार कुठल्याच साधारण सभेला नाही. आमच्याकडे आता मशिनची गाडी येते. पैसे जास्त पडतात. पहिल्या वर्षी त्यावर खूप कटकट झाली. तो ठराव आम्ही मिनिट बुकात जाड शाईने लिहिला आहे, पुढच्या कारोबारीला स्वस्त सुचू नये म्हणून.

लिफ्ट आणि आग यांचेही असेच. लिफ्टसाठी आपल्या राज्याचा २००० सालचा कायदा आहे, आगीसाठी २०१३ चा. २०२४ च्या मे महिन्यात राजकोटच्या गेम झोनला आग लागून सत्तावीस माणसे गेली, तेव्हापासून तपासणीची पथके फिरू लागली, आणि जिन्यातली सायकल, कपाटे, जुने सोफे रातोरात हलले. लिफ्टचा परवाना, तपासणीचा दाखला, देखभालीचा करार, अग्निशामक नळकांड्यांवरच्या तारखा, हे चार कागद एका फायलीत असावेत आणि ती फाइल कुठे आहे हे वॉचमनलाही ठाऊक असावे. अपघात झाला तर पोलीस आधी तीच मागतात.

आता ज्या गोष्टीसाठी खरे तर आज बोलायला उभे राहिलो, ती. आमची इमारत जुनी झाली आहे. सळ्या दिसायला लागल्या आहेत, तिसऱ्या मजल्यावर गच्चीतून पाणी उतरते. आमच्या कारोबारीत स्थापत्याची पदविका घेतलेला, सरकारी बांधकामे बघणारा माणूस आहे. तरीही काँक्रीटची तपासणी बाहेरच्या इंजिनियरकडून करून घेतली. अहवाल लिहिणारा आणि निर्णय घेणारा एकच असला, की समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार. अहवाल आला, तो सगळ्यांना वाचून दाखवला. इमारत पाडून नवी बांधणे हाच शहाणपणाचा मार्ग दिसतो.

गुजरातने २०१८ साली ओनरशिप फ्लॅट्स कायद्यात दुरुस्ती करून ही वाट सोपी केली. विकास परवानगीला पंचवीस वर्षे झाली असतील, किंवा इमारत मोडकळीस आल्याचे प्राधिकरणाने ठरवले असेल, तर पंचाहत्तर टक्के फ्लॅटधारकांची संमती पुरते. पूर्वी एका माणसाने नाही म्हटले की पस्तीस जण वर्षानुवर्षे गळक्या छताखाली बसत. आमच्या छत्तिसांचे पंचाहत्तर टक्के म्हणजे सत्तावीस.

बिल्डर निवडायच्या आधीपासूनच एकाची माणसे दिवाळीच्या मिठाईचे डबे घेऊन आली होती. डबे परत पाठवले आणि परत पाठवल्याचे मिनिट बुकात लिहिले. लोक हसले. हसू द्यावे. ज्यांनी निर्णय घ्यायचा त्यांनी कुणाचे काहीही घेतलेले नाही, हे नंतर सिद्ध करता येत नाही, तेव्हाच लिहावे लागते. निविदा मागवल्या, साधारण सभेत उघडल्या. करार गुजरातीत आणि इंग्रजीत होता. आमच्याकडे सात-आठ आजी-आजोबा असे आहेत की ज्यांना गुजराती बोलता येते, पण वाचायला बालबोधच लागते. त्यांच्यासाठी कराराचा मराठीत खुलासा करून दिला आणि तो मिळाल्याच्या सह्या घेतल्या. भाडे किती, किती महिने, मुदतीत घर मिळाले नाही तर काय, बँक गॅरंटी किती रकमेची, रेराची नोंदणी कुणी करायची. एका आजोबांनी विचारले, "आणि आम्ही भाड्याच्या घरातच गेलो तर?" त्याला करारात कलम नाही, पण वारसाचे कलम आहे, ते त्यांना वाचून दाखवले. त्यांनी दोनदा वाचायला लावले आणि सही केली.

संमत्या जमत जमत सव्वीस झाल्या. नऊ जणांचा विरोध आहे, त्यातल्या काहींचा खरा आणि काहींचा भाव वाढवण्यासाठी. उरला एक फ्लॅट. तिथे आमच्या काकू राहतात. काकांना जाऊन चार वर्षे झाली. फ्लॅट काकांच्या एकट्याच्या नावावर, मृत्युपत्र नाही. सोसायटीच्या दप्तरी नॉमिनेशन आहे ते थोरल्या मुलाचे, तो परदेशात. काकांनी फॉर्म भरला त्या काळी बायकोचे नाव घालायचे कुणाच्या डोक्यात यायचे नाही. थोरल्याने लगेच ईमेल पाठवला, मी नॉमिनी आहे, माझी पुनर्विकासाला संमती आहे. झाले सत्तावीस! सभेत टाळ्या वाजल्या.

इथे आम्ही थांबलो. नॉमिनी म्हणजे मालक, अशी आपल्याकडे सरसकट समजूत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली एका बंगाली प्रकरणात सांगितले, की सभासदाने रीतसर नेमलेल्या नॉमिनीच्या नावे संस्थेने हिस्सा केला पाहिजे, पण त्याच निकालात घरच्यांना आपला मालकीहक्क मागायची मोकळीकही ठेवली. विम्याच्या बाबतीत तर १९८३ सालीच म्हटले होते, की नॉमिनी फक्त पैसे हातात घेणारा, ते वारसांचेच. २०२३ च्या डिसेंबरात शेअर्सच्या बाबतीतही हेच झाले. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे काकांच्या स्वकष्टाच्या घरात काकू, दोन मुलगे आणि मुलगी यांचा प्रत्येकी चौथा हिस्सा. म्हणजे थोरल्याला आम्ही सभासद करू शकतो, सभेत बसवू शकतो. पण ज्या कायद्यात फ्लॅटधारकाची संमती लागते, तिथे चौथ्या हिश्श्याच्या धन्याने पाठवलेला ईमेल हा पूर्ण घराचा होकार धरायचा का? आणि त्या घरात राहते कोण? काकू. त्यांचे नाव कुठल्याच कागदावर नाही.

आम्ही तो होकार मोजला नाही. सभेत भांडण झाले. "एका घरासाठी सव्वीस घरे अडवता", "तुम्हाला काय, तुमचा मजला गळत नाही", असे बरेच काही ऐकून घेतले. एका वकिलांचे मत होते, की मोजला तर चालेल, सभासद तोच आहे. दुसऱ्यांचे मत होते, की हाच एक आकडा धरून विरोधातले नऊजण वरच्या कोर्टात जातील, आणि सगळे भाड्याच्या घरांत गेल्यावर मनाई आली तर ना जुने घर ना नवे. आम्हाला दुसरे पटले. कायदा इथे काळा-पांढरा नाही, हा आमचा निर्णय आहे आणि तो आमच्या नावाने लिहिला आहे. पण खरे सांगायचे तर वकिलाच्या मताआधीच ठरले होते. ज्या बाईने चाळीस वर्षे त्या स्वयंपाकघरात काढली, तिला न विचारता ते घर पाडायचे आणि आकडा पूर्ण झाला म्हणायचे, हे आम्हाला जमले नाही. सोपी वाट होती, हे मान्य आहे. थोरला मुलगा आमच्यावर चिडला आहे.

मग आम्ही काकूंकडे गेलो, दोघेजण, कागद न घेता. काकूंना घर पाडायला हरकत नाही हे तिथे कळले. त्यांना एवढेच हवे होते, की नव्या घराच्या कागदावर त्यांचे नाव असावे आणि मुलांनी त्यांना विचारल्याशिवाय ते विकू नये. हे त्यांना चार वर्षांत कुणी विचारले नव्हते. आता चौघा वारसांचे मिळून एक संमतिपत्र तयार केले आहे. पेढीनामा करून घेतला. काकूंची सही झाली. धाकट्याची झाली. थोरल्याने आधी नाही म्हटले, मग वकिलातीतून साक्षांकित करून पाठवली, ती गेल्या महिन्यात पोचली. नाशिकच्या मुलीची यायची आहे. ती गौरीला माहेरी येणार आहे. नव्या घरावर आईचे नाव पहिले असेल तरच सही करीन, असे तिने फोनवर सांगितले आहे, आणि त्यासाठी करारात एक ओळ बदलावी लागेल. बिल्डरला त्याचे पत्र गेले आहे. उत्तर अजून आलेले नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या सोसायटीत तुमच्या नॉमिनेशनचा फॉर्म एकतर भरलेलाच नाही किंवा वीस-पंचवीस वर्षांपूर्वी भरलेला आहे. उद्या आपल्या मंत्र्याला भेटून तो बघा, कुणाचे नाव आहे ते घरी सांगा, बदलायचे असेल तर बदला, आणि मृत्युपत्र वेगळे करा. फॉर्मचे नमुने आणले आहेत, गुजरातीत छापलेले आणि समासात मराठीत खुलासा लिहिलेले. मागे प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवले आहेत. प्रश्न असतील त्यांनी आरतीनंतर तिथेच थांबावे, आम्ही तिघे आहोत.